गाद्या मळवण्याचा आदेश

शाळा तपासायला गेले की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "बाथरूम कुठे आहे?" लोकांना वाटे, बाई फार कडक, आल्या आल्या वर्मावर बोट ठेवतात. खरं कारण साधं होतं. नाशिकहून जीपने निघून, सुरगाण्याच्या बाजूचे घाट चढून, हाडं खिळखिळी करून उतरलेल्या बाईला दुसरा कुठला प्रश्न सुचणार? पण या एका प्रश्नावर माझा निम्मा दरारा उभा होता, आणि मीही कधी कोणाचा गैरसमज दूर केला नाही.

प्रश्न विचारला की धावपळ सुरू व्हायची. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप असायचं, किल्ली हेडमास्तरांकडे असायची आणि हेडमास्तर केंद्रशाळेत मीटिंगला असायचे. मग कोणीतरी मोटरसायकलला किक मारायचं. तोवर मी पोहे खायचे आणि मनातल्या मनात शाळेला शिव्या द्यायचे. किल्ली आली, दार उघडलं की आत पांढऱ्याशुभ्र फरश्या, नळावर कंपनीचं स्टिकर तसंच, आणि कोपऱ्यात तांदळाची गोणी.

"मुली कुठे जातात मग?"

"जातात मॅडम, इकडंतिकडं. मोकळी हवा आहे."

"आणि हे?"

"हे तपासणीसाठी," गुरुजी अभिमानाने सांगत.

माझं काम थोडक्यात सांगते, कारण शेजारणीला अजून वाटतं की मी शाळेत शिक्षिका होते. सरकारी शाळेला रोजचा खर्च असतोच. त्यावर काही खास गोष्टींसाठी वेगळा निधी येतो. मुलींसाठी स्वच्छतागृह, ऐकू न येणाऱ्या मुलासाठी कानातलं यंत्र, कामासाठी गाव सोडून जाणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह. थोडा पैसा दिल्लीहून येतो, थोडा मुंबईहून. तो ज्या कामाला आला त्याच कामाला लागला का, हे बघायला मधे एक माणूस लागतो. बरीच वर्षं तो माणूस म्हणजे मी. निवृत्तीनंतर आमच्या कॉलनीतल्या विहारात माझा सत्कार झाला. अध्यक्ष म्हणाले, "ताईंनी शिक्षणासाठी आयुष्य वेचलं." मी मान खाली घालून हार घेतला. वेचलं खरं, पण जास्त करून कुलपं उघडून घेण्यात.

सिन्नरकडच्या एका शाळेत कानाचं यंत्र हेडमास्तरांच्या कपाटात, कापसात गुंडाळून ठेवलेलं सापडलं. हरवलं तर कोण भरणार, म्हणून. मुलाला ते कधी लावता, विचारलं तर म्हणाले, "तपासणी असली की लावतो ना." माझ्यासमोर लावलं. मुलगा माझ्याकडे बघेचना. छतावरचा पंखा करकरत होता, त्याच्याकडे बघून गालात हसत होता. मी खूप बोलले त्या हेडमास्तरांना. ते शांतपणे "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिले. यंत्र कानावर ठेवायचं कबूल केलं, आणि मी फाटकाबाहेर पडल्यावर पुन्हा कापसात घातलं असेल, याची मला खात्री आहे.

माझे ड्रायव्हर पगारे एकदा म्हणाले होते, "मॅडम, आपण पाहुणे नाही, ग्रहण आहोत. आपण यायच्या आत लोक सगळं झाकून ठेवतात आणि आपण गेलो की सुटलो म्हणून आंघोळ करतात." पगाऱ्यांची निवृत्ती माझ्या आधी झाली नाही, हे माझं भाग्य आणि त्यांचं दुर्दैव.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते सांगते. सुरगाण्याकडच्या डोंगरातला एक पाडा. नाव सांगत नाही, गुरुजी अजून नोकरीत आहेत. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की पाड्यातली धडधाकट माणसं पिकअपमध्ये बसून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर जातात. घडातले मणी विरळायचे, घड औषधात बुडवायचे, मग काढणी. पोरं बरोबर गेली की त्यांची शाळा बुडते, आणि पोरींची तर कायमचीच, कारण बारीक बोटांना मणी विरळायला मागणी असते. म्हणून अशा पाड्यांवर हंगामापुरतं वसतिगृह चालवायचं. आईबाप बागेवर, मुलं शाळेतच जेवणार आणि शाळेतच झोपणार.

मी पोचले ती दुपार होती. गुरुजींना आमची जीप घाटाखाली असतानाच मोबाईलवर कळलं होतं. तो निरोप ज्या ग्रुपवर फिरतो त्याचं नाव 'सुविचार' आहे. तिथले मुख्याध्यापक गावित गुरुजी तसे चांगले माणूस. तिशी-पस्तिशीचे, बारीक, कायम घामाघूम. त्यांनी मला शाळेच्या टोकाच्या खोलीपाशी नेलं आणि दार लोटलं.

आत सगळी मुलं झोपली होती. भर दुपारी, शाळेच्या गणवेशात, नव्याकोऱ्या गाद्यांवर, मुली एकीकडे आणि मुलं दुसरीकडे, हात सरळ आणि डोळे गच्च मिटलेले. एवढी शिस्तीची झोप मी आयुष्यात पाहिली नाही.

"निवासी आहे मॅडम," गुरुजी म्हणाले. "फोटो काढून घ्या. लोकेशनसकट अपलोड करायचाय."

मी फोटो काढला. तेवढ्यात एक मुलगा कुशीवर वळला आणि खोलीभर चर्र आवाज झाला. मग दुसरा वळला. चर्र. गाद्यांवरचं दुकानातलं प्लॅस्टिक काढलेलंच नव्हतं.

मी एका पोरापाशी वाकले. "काय रे, झोपलास का?"

"हो मॅडम," तो डोळे न उघडता म्हणाला.

त्याच्या पलीकडे लाल फीत लावलेली एक मुलगी होती, सातवीतली. ती तोंडावर हात दाबून हसत होती आणि तिच्या हसण्याने तिची गादी बारीक बारीक वाजत होती. तिचं नाव यमुना. मलाही हसू आवरेना, म्हणून मी बाहेर व्हरांड्यात आले.

"गुरुजी, खरं सांगा. ही मुलं रात्री कुठे झोपतात?"

गुरुजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा पगाऱ्यांकडे. मग रुमालाने मान पुसली आणि सांगितलं. मुलं जेवतात शाळेत. झोपायला पाड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांकडे जातात, ज्याची त्याची आजी नाहीतर आजोबा.

"मग गाद्या कशाला आल्यात?"

"मॅडम, पहिल्या वर्षी झोपवली होती गाद्यांवर. जे साहेब तपासायला आले त्यांनी शेरा मारला, गाद्या मळल्यात, डाग पडलेत, शासकीय मालमत्तेचं नुकसान, मुख्याध्यापकाच्या पगारातून वसुली करा. दुसऱ्या वर्षी नव्या गाद्या आल्या. मी त्या गुंडाळून ठेवल्या, मुलांना घरच्या गोधड्यांवर झोपवलं. दुसरे साहेब आले. शेरा मारला, गाद्या असूनही मुलं जमिनीवर, खुलासा द्या." गुरुजींनी रुमालाची घडी घातली. "मग मी विचार केला, झोपवलंच नाही तर दोन्ही शेरे येत नाहीत."

यात कुठेच चूक काढता येईना. इकडे आड तिकडे विहीर, तर हा माणूस मधल्या काठावर उभा होता. आणि आड कोणी खणला, विहीर कोणी, तर आमच्याच ऑफिसने.

मी पगाऱ्यांना म्हटलं, "आज उशीर होणार." संध्याकाळपर्यंत मी तिथेच बसले. स्वयंपाकीण मीराबाईने वरण-भात वाढला. मुलं जेवली आणि दिवेलागणीला चहूबाजूंनी आपापल्या घरांकडे पांगली. यमुना मात्र पायरीवर बसून राहिली. तिच्या शेजारी तिची आई, कमरेला बोचकं. यमुनाला पाड्यात आजी-आजोबा कोणीच नव्हते.

आई गुरुजींना म्हणाली, "टोळी सकाळच्याला निघणार हाय. समदी पोरं कुनाकडं तरी निजतात. आमची कुटं निजंल?"

"माझ्यापाशी निजंल की खोलीत," मीराबाई म्हणाली. "मी कवाधरनं सांगते. पन खोली उघडली पायजे ना. गुरुजी किल्ली घेऊन येष्टीनं घरी जातात."

"खोलीत सामान आहे मॅडम," गुरुजी पुटपुटले.

"बाई," यमुनाची आई आता माझ्याशी बोलू लागली, "मला शाळेचं वाकडं नाय. पोरगी हुशार हाय. पन तिला उघड्यावर टाकून मी कशी जाऊ? निजायची सोय नाय तर मी नेते तिला. बागंवर रोज तरी मिळंल."

 यमुनाने फीत सोडली, पुन्हा बांधली. दुपारी गादीवर हसणारी हीच पोरगी, हे सांगूनही पटलं नसतं.

आता माझी पंचाईत बघा. खरं लिहावं, की वसतिगृह निवासी नाही, तर ते बंद होणार. यमुना बागेवर, आणि बाकीच्यांचं रात्रीचं जेवणही गेलं. खोटं लिहावं, की मुलं गाढ झोपलेली आढळली आणि सोबत लोकेशनसकट फोटो, तर वसतिगृह टिकणार. पण यमुना सकाळी पिकअपमध्येच. माझ्या वडिलांनी गिरणीत राबून मला शिकवलं ते असले दोन रस्ते बघायला नव्हे, असं काहीतरी डोक्यात आलं आणि मी भडकले. कोणावर, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी खोलीत गेले आणि पहिल्या गादीचं प्लॅस्टिक ओढलं. ते फाटेना. मीराबाई विळी घेऊन आली. गुरुजी "मॅडम, मॅडम" करत मागे, आणि आम्ही दोघी एकेक गादी सोलत चाललो. पगारे दारात उभं राहून म्हणाले, "फणस सोलल्यासारखं चाललंय." शेवटी गुरुजींच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी एरवी फक्त निलंबित माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

म्हणून मी त्यांना लेखी दिलं. शेरेबुक मागवलं आणि लिहिलं: 'गाद्यांवरील प्लॅस्टिक माझ्या समक्ष काढण्यात आले. मुलांनी आजपासून रोज रात्री गाद्यांवर झोपावे. वापराने गाद्या मळणे अपेक्षित आहे. पुढील तपासणीत गाद्या स्वच्छ आढळल्यास मुख्याध्यापकांकडून खुलासा मागविण्यात येईल.' खाली सही, शिक्का.

गुरुजींनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, मळल्या पाहिजेत?"

"मळल्याच पाहिजेत."

"हो मॅडम," ते म्हणाले. 

यमुनाच्या आईला मी म्हटलं, आजची रात्र बघा, मग ठरवा. ती बोचक्याची गाठ आवळत राहिली. घाट उतरायचा होता, आम्ही निघालो.

नाशिकला आमच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्यासमोर माझ्या शेऱ्याची प्रत होती. साहेब सज्जन होते, फक्त ऑडिट हा शब्द ऐकला की त्यांना ॲसिडिटी व्हायची.

"मॅडम, शासकीय मालमत्ता घाण करा, असं तुम्ही लेखी दिलंत?"

"घाण नाही सर. वापर."

"ऑडिटला मी काय सांगू?"

"मुलं झोपली, म्हणून सांगा."

त्यांनी खणातून गोळी काढून चघळली. "ठीक आहे. आता तुम्हीच अनुपालन तपासा, आदेशाप्रमाणे झालं का ते. झालं असेल तर पुढच्या वर्षीचं वसतिगृह मंजूर. नसेल तर बंद, आणि मग मला पुन्हा गाद्या हा विषय नको."

पुढचे दोन-तीन महिने माझं दिंडोरीच्या रस्त्यावर जाणं-येणं झालं. दोन्ही बाजूंना बागा, आणि वेलींखाली वाकलेल्या बायका, पोरी. पूर्वी मी त्या बागांकडे बघून यंदा द्राक्षं कशी आहेत एवढाच विचार करायची. आता लाल फीत शोधायची. दिसली की जीप हळू करायला सांगायची, आणि ती यमुना नाही असं बघून पुन्हा सरळ बसायची. लाल फितीच्या इतक्या पोरी तिथे काम करतात, हे मला एवढ्या वर्षांच्या नोकरीत दिसलं नव्हतं.

माघात मी पुन्हा पाड्यावर गेले. या वेळी सकाळीच. गुरुजी फाटकातच उभे होते, 'सुविचार' ग्रुप चोख चालू होता म्हणायचा. त्यांच्या हातात अनुपालन अहवाल, टाइप केलेला. विषय: गाद्या मळविण्याबाबत. मजकूर एका ओळीचा: 'आपल्या आदेशान्वये सर्व गाद्या मळविण्यात आल्या आहेत.'

मी खोलीत गेले. गाद्या मळलेल्या होत्या, यात शंकाच नाही. प्रत्येक गादीच्या बरोबर मध्यभागी लाल मातीचा एक मोठा, गोल, ओला लेप. सगळ्यांवर एकसारखा. एका गादीवर तर बोटांचे पाच ओरखडे स्पष्ट.

"गुरुजी," मी म्हटलं, "हे कधी केलंत?"

"सकाळी," ते म्हणाले. खोटं बोलायची त्यांची तयारीच नव्हती. "घाटाखाली आलात असं कळलं, तेव्हा."

 म्हणजे पुन्हा तेच. मुलं म्हाताऱ्यांकडे, खोलीला कुलूप, आणि गाद्यांना दुपारच्या झोपेऐवजी सकाळचा चिखल. आणि ती पोरगी कुठल्यातरी बागेत. मी खाली बसले ती रागाने, पण बसल्याबसल्या जवळची गादी दिसली आणि वरच्या टोकाला मला एक डाग दिसला. पिवळसर, तेलकट, मधे गडद आणि कडेला फिका. पुढच्या गादीलाही तसाच, त्याच जागी. त्या पुढच्या गादीलाही.

संसार केलेल्या कुठल्याही बाईला हा डाग ओळखता येतो. माणूस रोज तेल लावून झोपलं की उशाशी तो पडतोच. मुद्दाम पाडू म्हटलं तर पाडता येत नाही. मी एक गादी हाताने दाबली, कापूस मधे बसला होता. एकीच्या खोळीत केसांची पिन अडकलेली होती.

"गुरुजी, अहो, मुलं इथे झोपतायत!"

"रोज झोपतात मॅडम. तुम्ही गेलात त्या रात्रीपासून. मीराबाई असते. किल्ली तिच्याकडेच दिली."

"मग हा चिखल कशाला फासलात?"

गुरुजी गोंधळले. "तुमचा आदेश होता ना, मळल्या पाहिजेत. आम्ही काल रात्री बॅटरी लावून बघितल्या. मळल्या होत्या, पण एवढ्या काही दिसत नव्हत्या. तुम्हाला कमी वाटलं असतं, तर वसतिगृह..."

 हा माणूस गाद्या झिजेपर्यंत खरा वागला होता, आणि ते मला दिसेल याचा त्याला भरवसा नव्हता. म्हणून त्याने खऱ्यावर खोटं थापलं होतं. हे त्याला कोणी शिकवलं? मीच, आणि माझ्या आधीच्या दोन साहेबांनी. मला हसू येत होतं आणि डोळे भरून येत होते, आणि पगाऱ्यांनी तेवढ्यात शहाणपणाने बाहेर जाऊन बिडी पेटवली.

"गुरुजी," मागून आवाज आला. दारात लाल फीत होती. यमुना कमरेवर हात ठेवून उभी होती, आईसारखी. तिला बघून माझ्या जिवात जीव आला, पण तिने मला तसं काही वाटून घ्यायला वेळच दिला नाही. "मॅडमचं बघून झालं का? माझी गादी पार भिजवली तुमी. आता ही वाळंल कवा? रातच्याला आमी निजायचं कुटं?"

गुरुजी माझ्याकडे बघू लागले. मी गुरुजींकडे. 

मग दुसरं काय करणार? खोळी काढल्या. हापशावर नेल्या. गुरुजींनी पँट दुमडली आणि हापसायला लागले, मीराबाईने साबण काढला, पगारे गाद्या उन्हात भिंतीवर टाकायला लागले. मुलं खोळी आपटण्यात दंग झाली. मी शेरेबुकात लिहिलं, 'मुले येथे झोपतात. वसतिगृह पुढे चालू ठेवावे. यापुढे तपासणीसाठी म्हणून काहीही करू नये.' शेवटचं वाक्य साहेबांनी नंतर खोडलं असं कळलं. वसतिगृह मात्र मंजूर केलं. त्यांना गाद्या हा विषय पुन्हा नको होता.

शेरेबुक मिटून मी हापशापाशी गेले. मला उगाचच वाटलं, या पोरीशी दोन शब्द बोलावेत. आई बागेवर गेल्यावर कसं वाटलं, पुढे काय शिकणार, अशा गोष्टी. माणूस निवृत्तीला आला की त्याला असलं सुचतं. पण बोलली तीच.

"मॅडम, तुमी परत कवा येनार?"

"आता नाही गं येणार. उन्हाळ्यात माझी नोकरी संपतेय."

यमुनाने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी खरं बोलतेय ना याची खात्री करत.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि ओल्या खोळीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धरा. मी पिळते."